लिंबाची जुनी पानं पिवळी पडतायत: तोडावी की राहू द्यावी?

गच्चीवरची माळीण | १९ फेब्रुवारी, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या गच्चीत कागदी लिंबाची दोन झाडं आहेत. दोन्ही एकाच नर्सरीतून एकाच दिवशी आणली, सहा वर्षांची आहेत, दोघांनाही अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपाचं घर. ऊनही सारखंच.

जानेवारीत मला स्वच्छतेचा झटका आला. पहिल्या झाडाची जुनी पानं दिसायला फार वाईट झाली होती. नागअळीच्या नागमोडी रेघा, काही मुडपलेली, काहींवर धूळ बसून काळपट झालेली. एका रविवारी बसून मी ती सगळी खुडली, साधारण दोनशे तरी असतील. फांद्यांच्या टोकाची तेवढी ठेवली. दुसऱ्या झाडापर्यंत पोचेपर्यंत पाठ धरली, म्हणून ते वाचलं.

आता दोघांनाही पालवी फुटली आहे. न खुडलेल्या झाडाची पालवी वीतभर लांब आणि तुकतुकीत, पण त्याची खालची जुनी पानं भराभर पिवळी पडून गळतायत. खुडलेल्या झाडाची पालवी बोटभर, आणि रंगही फिका पोपटी.

शेजारच्या काकू म्हणतात, "पिवळी पानं झाडाचा रस खातात, काढून टाक सगळी." मला मात्र जानेवारीत आपणच घोळ घातला अशी शंका येतेय. जाणकारांनी सांगावं.

हिशेबी | १९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

खुडलेल्या झाडाला चिमूटभर युरिया. दुसऱ्याला काही नको. धागा संपला. :)

पर्णहरित | २० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

धागा इतक्यात संपवू नका हो. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय, अशी संधी रोज येत नाही.

ताई, आधी एक खात्री करून घ्या. न खुडलेल्या झाडाचं पिवळेपण फक्त जुन्या, खालच्या पानांवरच आहे ना? पूर्ण पान सारखं पिवळं होतंय ना? नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. लोह एकदा पानात गेलं की तिथेच अडकतं, त्यामुळे उपासमार नव्या पानाची होते. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकीचं पिवळं होत असेल, तर मॅग्नेशियम. आणि जुनं पान अख्खं, एकसारखं पिवळं होत असेल तर नत्र, म्हणजे नायट्रोजन.

नत्र फिरतं. एका पानातून सुटून दुसऱ्यात जातं. तुमच्या दुसऱ्या झाडात हेच चाललंय असं मला वाटतं, आणि तो रोग नाही. घरातली मोठी पोरं जेवून उठली की ताटं धुऊन धाकट्यांना वाढावं, तसं.

पानातलं नत्र मुख्यतः प्रथिनांत असतं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं गाठोडं म्हणजे रुबिस्को. हवेतला कर्बवायू पकडून साखर बनवण्याच्या कामाची सुरुवात करणारं हे प्रथिन. लिंबासारख्या झाडांत पानातल्या एकूण नत्राचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाटा एकट्या रुबिस्कोत असू शकतो. वर नवे डोळे फुटायला लागले की जुन्या पानात हे प्रथिन मोडायला सुरुवात होते. त्याची अमिनो आम्लं होतात, आणि ग्लुटामिन, अस्परागिन, आर्जिनिन अशा नत्राने भरलेल्या रूपांत ती रसवाहिन्यांतून वर जातात. आर्जिनिनच्या एका रेणूत नत्राचे ४ अणू बसतात, त्यामुळे साठवायला ते फार सोयीचं.

एक गंमत सांगतो, वर्गात मुलं इथे नेहमी चुकायची. पान पिवळं होतं म्हणजे हरितद्रव्यातलं नत्र निघून गेलं, असं आपल्याला वाटतं. हरितद्रव्याच्या रेणूतही नत्राचे ४ अणू असतात, हे खरं. पण ते नत्र झाड परत घेत नाही. हरितद्रव्य उघडं पडलं तर उन्हात पेशींना इजा करतं, म्हणून झाड ते आधी निरुपद्रवी करतं आणि त्याचे तुकडे पानातच टाकून देतं. तसंही पानातल्या नत्राचा अगदी किरकोळ भाग त्यात असतो. पिवळेपण ही फक्त खूण. खरा माल प्रथिनांतून गेलेला असतो.

म्हणून काकूंना सांगा, पिवळं पान रस खात नाही, रस देऊन मोकळं होतंय.

गच्चीवरची माळीण | २० फेब्रुवारी, दुपारी १:३०

सर, अगदी तसंच आहे. खालची पानं अख्खी पिवळी, शिरांसकट. नवी पानं छान. पाणी महापालिकेचंच.

म्हणजे जानेवारीत मी दोनशे भरलेले डबे कचऱ्यात टाकले? :( आणि नागअळीची पानंही कामाची होती?

पर्णहरित | २० फेब्रुवारी, दुपारी २:१०

नागअळीचं पान दिसायला वाईट, पण त्याचा शाबूत असलेला हिरवा भाग काम करतच असतो. अळी केव्हाच पतंग होऊन उडून गेलेली असते, मग पान तोडून मिळवलं काय? खैऱ्या रोगाचे खवले असलेली पानं मात्र खुशाल काढा.

आणि भरलेल्या डब्यांचं म्हणाल तर, हो.

बांधावरून | २० फेब्रुवारी, रात्री ८:५०

मी विदर्भातल्या वरूडकडचा, संत्र्याचा बगीचा आहे, चारशेच्या वर झाडं. संत्रा आणि लिंबू एकाच घरातले, म्हणून लिहितो.

आमचा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) म्हणजे या सगळ्याचा खेळच आहे जी. डिसेंबरात पाणी तोडतो. झाड ताणावर जातं, पानं मलूल होतात, दुपारी वळतात. हलक्या जमिनीत लवकर, भारी काळ्या जमिनीत उशिरा. मग जानेवारीत पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत नवती (नवी पालवी) आणि फुलं सोबतच. आता विचार करा, महिनाभर मूळ कोरड्यात होतं. पाणी भेटल्यावर एवढ्या दिवसांत एवढी नवती, एवढी फुलं, एवढं सारं खत मुळानं कुठून आणलं असेल? आणलंच नाही. ते झाडावर होतं.

माझे वडील म्हणत, "ताण पानाला द्यायचा, झाडाला नाही." चौथाई पानं गळाली की पाणी सोडून द्यायचे. शेजारचा एक जण पार खराटा होईपर्यंत थांबला होता एका वर्षी. बहार फुटला खूप, पण फळ टिकलं नाही, आणि पुढच्या वर्षी सल (वाळक्या काड्या) काढता काढता मजूर थकले.

खताचंही तसंच. बहार फुटल्यावर टाकलेलं खत फळाच्या कामी येतं. बहार फुटायला लागणारं खत मागच्या पावसाळ्यातच झाडाच्या अंगात गेलेलं पाहिजे. हे मले कोणी पुस्तकातून नाही सांगितलं, पण पान पाहून समजते. ऑक्टोबरात पान गडद आणि जाड असलं की मी निश्चिंत.

पर्णहरित | २० फेब्रुवारी, रात्री ९:२५

वा! "ते झाडावर होतं." यापुढे वर्गात मी हेच वाक्य वापरेन. निवृत्त झालोय हे विसरलो.

भर घालतो. पाण्याच्या ताणात लिंबाच्या पानांत अमोनिया आणि आर्जिनिन वाढतं, आणि फुलं येण्याशी त्याचा संबंध दिसतो, हे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात लिंबावरच दाखवलं. म्हणजे ताणात झाड नुसतं उपाशी नसतं, आतल्या आत नत्राची मांडामांड चाललेली असते.

एडिंबरोकर | २१ फेब्रुवारी, पहाटे ३:१८

(इथे रात्र आहे, तिकडची पहाट. झोप येत नाही म्हणून वाचत बसलोय.)

माझ्या घरामागे ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आहेत, आधीच्या मालकाने लावलेली. आपल्याकडे हिमालयात बुरांश म्हणतात त्यांचे भाऊबंद. इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये तर त्यांचा प्रचंड संग्रह आहे. आल्या आल्या पहिल्याच जूनमध्ये मीही घाबरलो होतो. फुलं संपली, वर कोवळ्या पानांचे झुबके आले आणि खालची दोन-तीन वर्षांपूर्वीची पानं पिवळी होऊन टपाटप पडायला लागली. शेजारच्या आजोबांनी नुसते खांदे उडवले.

इथे या साठवणीला वेगळंच महत्त्व आहे. वसंतात दिवस मोठा होतो, ऊन असतं, पण माती गारठलेली. मूळ अर्धवट झोपेत असतं. त्यात ही माती आम्लधर्मी, पीट भरपूर, त्यातलं नत्र सहज मिळणारं नाही. झाडाने जमिनीच्या भरवशावर पालवी काढायची म्हटलं तर हंगामच निघून जाईल.

हे मोजतात कसं, ते मला फार आवडलं. साध्या नत्रापेक्षा किंचित जड असा नत्राचा भाऊ असतो, नायट्रोजन-१५. किरणोत्सारी नाही, अगदी निरुपद्रवी. एका वर्षी झाडाला खतातून हे जड नत्र द्यायचं. पुढच्या वर्षी पालवीच्या आधीपासून साधं नत्र द्यायचं. मग नव्या पानात जड नत्र जितकं सापडेल ते सगळं गेल्या वर्षीच्या साठ्यातून आलं, हे उघड. आणि फुटव्याच्या सुरुवातीला बहुतेक माल साठ्यातलाच निघतो. मुळांचा वाटा नंतर वाढत जातो. संत्र्याच्या झाडांवर स्पेनमध्ये असेच प्रयोग झालेत, तिथेही वसंतातल्या पालवीचं नत्र मोठ्या प्रमाणात जुन्या साठ्यातून आलेलं दिसलं.

हिशेबी | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

सगळं ऐकायला छान. आता आकडे मांडू.

काल रात्री माझ्या लिंबाची ५० हिरवी पानं ओव्हनमध्ये वाळवून तोलली (बायकोने विचारू नये ते विचारलं). ६ ग्रॅम. म्हणजे पानाला ०.१२ ग्रॅम. ताईंची २०० पानं म्हणजे २४ ग्रॅम. फ्लोरिडातल्या बागांसाठी लिंबूवर्गीय पानात २.५ ते २.७ टक्के नत्र योग्य मानतात, आपण २.५ धरू. झालं ०.६ ग्रॅम नत्र. त्यातलं निम्मं झाडाने परत घेतलं असतं असं समजा: ०.३ ग्रॅम. कोवळ्या पानात ३ टक्के नत्र धरलं तर एवढ्यात ८० एक नवी पानं. बरोबर, तोटा झाला.

पण युरियात ४६ टक्के नत्र असतं. ०.३ ग्रॅमसाठी युरिया लागतो पाऊण ग्रॅमहूनही कमी. पाव चमचासुद्धा नाही! पिशवीतला भाव काढला तर पैशाच्याही खाली. एवढ्यासाठी दोन दिवस सुतक?

(ओव्हनचा वास अजून जात नाहीये. लिंबू-भात केल्यासारखं वाटतंय.)

पर्णहरित | २१ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

हिशेब चोख आहे. मान्य. पुण्यात, फेब्रुवारीच्या उबेत, पिंपातल्या ओल्या मातीत मूळ काम करत असतं, त्यामुळे ताईंच्या झाडाची भरपाई युरियाने बऱ्यापैकी होईल. एडिंबरोच्या गारठ्यात किंवा वरूडच्या ताणावरच्या बगीच्यात होणार नाही, कारण तिथे अडचण नत्राच्या किमतीची नाही, ते वेळेवर हाती लागण्याची आहे. डोळा फुटला की दोन-तीन आठवड्यांत पान पूर्ण आकाराला येतं. युरियाचं मातीत आधी अमोनियम, मग नायट्रेट होणार, मूळ ते उचलणार, आणि पिंपाला भोक असेल तर त्यातलं बरंचसं तोवर खालच्या मजल्यावरच्यांच्या तुळशीला.

दुसरं असं की पान म्हणजे नुसता डबा नाही. मघाशी मीच "हो" म्हटलं होतं, ती उपमा अर्धीच बरोबर आहे. रुबिस्को तिथे पडून नसतं, साखर बनवण्याचं काम करत असतं. मजूर आणि ठेव एकच. वर्षभर राबायचं आणि गरज पडली की मोडून वापरायचं. तुम्ही पान तोडलं तर नत्रासोबत ती मजुरीही गेली. युरिया साखर देत नाही.

बरं, पान गळूनच द्यावं लागतं असंही नाही. लिंबूवर्गीय झाडांत जुनी पानं हिरवीच राहून वसंतात काही नत्र वर पाठवतात आणि पुढे पुन्हा भरून घेतात. पिवळं होऊन गळणं हा शेवटचा हप्ता.

आता एक गोष्ट उलटी वाटेल. सदाहरित झाडं पान गाळताना नत्र जास्त काटेकोरपणे काढून घेतात, असं नाही. सरासरीने तीही निम्म्याच्या आसपासच परत घेतात, पानझडी झाडं कांकणभर जास्तच. सदाहरितांची काटकसर वेगळीकडे आहे. एकदा मिळवलेलं नत्र ती एकाच पानात एक-दोन वर्षं, काही जातींत त्याहून जास्त, वापरत राहतात. पानझडी झाडाला तोच खर्च दरवर्षी. साडी विकताना दोघींना भाव सारखाच मिळतो, पण एकीने ती तीन दिवाळ्या नेसलेली असते.

म्हणून ताई, पिवळं पान ओढू नका. बोट लावताच देठापासून सुटलं तर त्याचं देणं-घेणं संपलेलं असतं. ओढावं लागलं तर संपलेलं नसतं.

सांगोल्याचा डाळिंबवाला | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

सर, मग आमचं काय? आमच्याकडं बहार धरताना इथ्रेल मारून पानगळ करतात. पार सगळी पानं पाडायची, काडी उघडी करायची, मग पाणी. त्यात नुकसान होत नाही का?

पर्णहरित | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

प्रश्न अगदी मर्मावरचा. डाळिंब मुळात पानझडी जातीचं. थंड देशात ते हिवाळ्यात स्वतःच पानं टाकतं, आपल्याकडच्या उबेत धरून ठेवतं एवढंच. अशी झाडं आपला साठा गळण्याआधी सालीत, खोडात, मुळांत नेऊन ठेवतात. तुम्ही लोक "काडीत अन्नसाठा पाहिजे" म्हणता ना, तो हाच. लिंबा-संत्र्याच्या काडीत आणि मुळातही साठा असतो, पण फार मोठा हिस्सा पानात बसलेला. म्हणून डाळिंबाची रीत लिंबाला लावू नये.

सांगोल्याचा डाळिंबवाला | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

म्हणजे बरोबर आहे आमचं. माल काढल्यावर विश्रांतीत आधी शेणखत आणि नत्र देऊन काडी पेन्सिलीएवढी जाड करायची, मग ताण, आणि पानं आपोआप पिवळी पडायला लागल्यावरच इथ्रेल. हिरव्यागार पानावर घाईनं मारलेली बाग आमच्या वस्तीवर एक आहे. फुलं निघाली ती बारीक, नर फुलंच जास्त. आता कळलं काडीत आलंच नव्हतं काही.

बांधावरून | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

+१. घाई केली की बहार रुसते.

चहाबाज | २२ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

अवांतर: चहाचं झुडूपही सदाहरित. आसामात एका मळ्यावर काही वर्षं होतो. खुडणीत कोवळी दोन पानं आणि कळी जाते, पण खालचा जाड जुन्या पानांचा थर मुकादम कोणाला हात लावू देत नसे. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं अमिनो आम्ल बनतं, हिवाळ्यात साठतं आणि वसंतात पालवीत चढतं. पहिल्या तोडीच्या चहाला जो गोडसर, भरलेला स्वाद येतो त्यात त्याचा मोठा हात. उन्हात त्याचं रूपांतर होऊन तुरटपणा वाढतो, म्हणून जपानी लोक काही मळ्यांवर तोडीआधी सावली धरतात. म्हणजे आपण कपातून पितो ते झुडपाने पालवीसाठी राखून ठेवलेलं नत्रच. हा प्रतिसाद लिहिताना दोन कप झाले.

गच्चीवरची माळीण | १४ जुलै, रात्री ८:०५

धागा वर काढतेय. मंडळी, दोन बातम्या.

एक: खुडलेल्या झाडाला फेब्रुवारीत हिशेबींच्या सांगण्यावरून युरिया दिला, अर्धा चमचा पाण्यात विरघळवून दोन वेळा विभागून. तीन आठवड्यांत फिकी पालवी हिरवी झाली. पानं मोठी मात्र झाली नाहीत, ती बोटभरच राहिली.

दोन: मग मला खुमखुमी आली. मे अखेरीस चांगल्या झाडावर साधारण सारख्या दोन फांद्या निवडून लाल दोरा बांधला. एकीची बारा जुनी पानं खुडली, दुसरीची ठेवली. पावसानंतरच्या पालवीत खुडलेल्या फांदीवर पाच-सहा पानांचे फुटवे, न खुडलेलीवर आठ-नऊ. आणि त्या दुसरीची जुनी चार पानं पालवी निघता निघता पिवळी होऊन पडली, माझा हात न लागता.

शिवाय चुलतभावाकडून दागिने तोलायचा छोटा काटा आणला. सारख्या आकाराची ५० हिरवी वाळलेली पानं ५.९ ग्रॅम, आपोआप गळलेली ५० पिवळी पानं ४.७ ग्रॅम.

हिशेबी | १४ जुलै, रात्री ८:२०

रंग परत आणला ना युरियाने? नोंद घ्यावी. आकाराचं मी बोललोच नव्हतो.

पर्णहरित | १४ जुलै, रात्री ९:००

ताई, दंडवत. फक्त दोन शेरे, सवयीने. दोनच फांद्या आहेत, आणि फांद्या एकमेकींकडून उसनंही घेतात, त्यामुळे फरक खरा किती ते यावरून ठरत नाही. शिवाय पानं खुडल्यावर साखरेचाही तोटा झाला, तेव्हा सगळं खापर नत्रावर फोडता येणार नाही. वजनाचंही तसंच. जी १.२ ग्रॅमची घट दिसते त्यात नत्र अगदी थोडं, बाकी बरंच काही गेलेलं असणार. पण पान रिकामं होऊन पडतं, हे काट्यावर दिसलं, याचा मला शिक्षक म्हणून फार आनंद झाला.

गळलेली पानं पिंपातच राहू द्या. उरलेलं निम्मं त्यांत आहे. लिंबाचं पान चिवट, कुजायला वेळ घेईल, पण घेऊ दे.

बांधावरून | १४ जुलै, रात्री ९:३५

ताई, आता ऑक्टोबरात पान पाहून ठेवा. गडद आणि जाड असलं तर फेब्रुवारीची चिंता नाही. पाऊस संपता संपता शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड द्या, पालवी फुटायची वाट पाहू नका.

गच्चीवरची माळीण | १५ जुलै, सकाळी ७:५०

नक्की दादा. काकूंनी हा धागा वाचला (मीच मोबाइलवर दाखवला). काही बोलल्या नाहीत. आज सकाळी दार वाजलं तर त्याच, हातात त्यांच्या मोगऱ्याची पिवळी पानं वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेली. म्हणाल्या, "घे, तुला लागतात ना."